जोसेफ चेंबरलेन : सवलत द्यायची म्हणून आधी भिंत मागणारा माणूस

चेंबरलेन हे आडनाव ऐकले की आपल्यापैकी बहुतेकांना हातात छत्री घेतलेला, १९३८ साली म्युनिकला जाऊन हिटलरशी करार करून आलेला इंग्लंडचा पंतप्रधान आठवतो. तो नेव्हिल. आजचा पाठ त्याच्या वडिलांचा, जोसेफ चेंबरलेन यांचा आहे. ते कधीच पंतप्रधान झाले नाहीत. पण त्यांच्या काळात इंग्लंडमध्ये त्यांच्याइतकी चर्चा फार थोड्या माणसांची झाली असेल. आणि त्यांनी लावून धरलेला एक प्रश्न पुढे तीस वर्षांनी थेट आपल्या वऱ्हाडातल्या कापसाच्या शेतापर्यंत येऊन पोचला.

व्यापार करारांचा भाग शिकवताना एक प्रश्न वर्गात दरवर्षी येतोच. दोन देशांनी एकमेकांच्या मालावरची जकात कमी केली तर तिसऱ्याचे काय गेले? त्याच्यावर तर काही नवीन बसवलेले नाही ना? प्रश्न अगदी बरोबर आहे. पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येत त्याचे उत्तर मिळत नाही, चेंबरलेन यांच्या चरित्रात मात्र मिळते.

त्याआधी जुना जकात नाका डोळ्यांसमोर आणा. समजा, नाक्यावर कुणाकडूनच काही घेत नाहीत, सगळ्यांच्या गाड्या सरळ आत जातात. मग गावच्या सरपंचाला आपल्या मेहुण्याला जकात माफ करण्याचा मान मिळेल का? नाही मिळणार, कारण माफ करायला काही आहेच कुठे! मेहुण्याचा मान राखायचा असेल तर आधी बाकीच्यांवर जकात बसवावी लागेल. एवढी गोष्ट लक्षात ठेवा. पुढचे सगळे राजकारण हिच्यावरच उभे आहे.

जोसेफ यांचा जन्म ८ जुलै १८३६ रोजी लंडनच्या कँबरवेल भागात झाला. वडिलांचा बूट-चपलांचा धंदा होता. घराणे युनिटेरियन पंथाचे, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरचे. अशा मुलांना त्या काळी ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे जवळजवळ बंदच होती. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलगा वडिलांच्या धंद्यात लागला. अठराव्या वर्षी त्याला बर्मिंगहॅमला पाठवले. मामा-आत्यांच्या नात्यातल्या नेटलफोल्ड मंडळींचा तिथे लाकडात बसवायच्या स्क्रूंचा कारखाना होता, आणि अमेरिकेहून नव्या यंत्राचे हक्क विकत घेण्यासाठी जोसेफच्या वडिलांनी त्यात पैसा घातला होता. त्या पैशावर लक्ष ठेवायला हा पोरगा गेला. वीस वर्षांत त्याने हिशेब, विक्री आणि परदेशी बाजार असे सगळे हाताखाली घातले. इंग्लंडात तयार होणाऱ्या स्क्रूंपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त त्यांच्या कारखान्यात होऊ लागले. १८७४ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते भरपूर पैसा गाठीला बांधून धंद्यातून मोकळे झाले.

घरी मात्र दुःख होते. पहिली पत्नी हॅरिएट १८६३ मध्ये मुलगा ऑस्टिनच्या जन्मानंतर लगेच वारली. दुसरी पत्नी फ्लॉरेन्स ही तिचीच चुलत बहीण. नेव्हिल हा तिचा मुलगा. तीही १८७५ मध्ये बाळंतपणात गेली, तेव्हा नेव्हिल सहा वर्षांचाही नव्हता. या आघातानंतर जोसेफ यांचा देवावरचा विश्वास उडाला तो उडालाच. त्यांनी स्वतःला कामात गाडून घेतले असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

ते काम म्हणजे बर्मिंगहॅम शहर. १८७३ ते १८७६ ते तिथले महापौर होते. गॅस कंपन्या आणि पाणी कंपनी त्यांनी नगरपालिकेसाठी विकत घेतली, घाणेरड्या वस्त्या पाडून मोठा रस्ता काढला. गॅसच्या नफ्यातून शहराची कामे होऊ लागली. सरकारने हात बांधून बसू नये, बाजारात उतरावे, ही सवय त्यांना इथे लागली. पुढच्या आयुष्यात ती दिसत राहते.

१८७६ मध्ये ते संसदेत गेले आणि १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळात व्यापार खात्याचे मंत्री झाले. आता गंमत बघा. त्या वेळी काही कारखानदार ओरडत होते की, फ्रान्स, जर्मनी, अमेरिका आपल्या मालावर जकात बसवतात आणि आपण मात्र त्यांचा माल फुकट आत घेतो. या लोकांना संसदेत सडेतोड उत्तर देणारे मंत्री कोण? तर हेच जोसेफ चेंबरलेन. १८४६ मध्ये इंग्लंडने धान्यावरचे जुने कायदे रद्द करून खुला व्यापार स्वीकारला होता आणि त्यावर शंका घेणे म्हणजे जवळजवळ पाप होते. भाकरी स्वस्त झाली ती खुल्या व्यापारामुळे, हे कामगारांच्या मनात पक्के बसले होते.

मग माणूस बदलला कसा? १८८६ मध्ये आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावर त्यांनी ग्लॅडस्टनची साथ सोडली. पक्ष फुटला. हळूहळू ते जुन्या विरोधकांच्या, म्हणजे हुजूर पक्षाच्या, गोटात जाऊन बसले. १८९५ मध्ये मंत्रिपद निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी वसाहतींचे खाते मागून घेतले. डोळ्यावर एकाच काचेचा चष्मा, कोटाला ऑर्किडचे फूल, असा त्यांचा थाट व्यंगचित्रकारांनी घरोघरी पोचवला. दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्ध त्यांच्याच कारकिर्दीत झाले आणि त्या युद्धात छावण्यांमध्ये कोंडलेल्या बायका-मुलांचे जे हाल झाले त्याचा डाग त्यांच्या नावावरून पुसता येत नाही. साम्राज्य एकसंध राहिले नाही तर जर्मनी आणि अमेरिकेपुढे इंग्लंड बुटके ठरेल, ही चिंता त्यांच्या डोक्यात घर करून बसली होती. साम्राज्य म्हणजे त्यांच्या लेखी मुख्यतः कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. हिंदुस्थान त्या भाऊबंदकीत धरलेलाच नव्हता.

पहिली कल्पना त्यांनी १८९६ मध्ये मांडली ती सरळ होती. जर्मन संस्थानांनी जसा आपसात जकात संघ केला तसा सगळ्या साम्राज्याचा करायचा. आत खुला व्यापार, बाहेरच्यांवर जकात. पण वसाहतींनी मान डोलावली नाही. त्यांच्या तिजोऱ्या जकातीवर चालत होत्या. शिवाय त्यांचे नवे कारखाने इंग्रजी मालापुढे टिकले नसते. मेहुणा झाला म्हणून काय झाले!

कॅनडाने मात्र १८९७ मध्ये आपणहून एक पाऊल टाकले. इंग्लंडच्या मालाला जकातीत सूट दिली आणि ती वाढवत १९०० पर्यंत एक तृतीयांशावर नेली. त्यासाठी इंग्लंडला बेल्जियम आणि जर्मनीशी झालेले जुने करार मोडावे लागले, कारण त्यांत लिहिले होते की, वसाहतींनी इंग्लंडला दिलेली सवलत त्यांनाही मिळेल. जर्मनी चिडला. त्याने कॅनडाच्या मालाला सर्वांत कमी दराचा हक्क नाकारला. १९०३ मध्ये कॅनडाने उलट जर्मन मालावर एक तृतीयांश जादा जकात चढवली. हे भांडण १९१० पर्यंत चालले. म्हणजे सुरुवात झाली इंग्रजी मालाची जकात कमी करून, आणि सहा वर्षांत बाहेरच्या एका देशावरची जकात वाढली. तिसऱ्याचे काय गेले या प्रश्नाचे हे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर न्यूझीलंडने दिले. इथे फळ्यावर आकडे मांडू या. समजा, सगळ्या देशांच्या कापडावर २० टक्के जकात आहे आणि इंग्लंडला १० टक्क्यांची सवलत द्यायची आहे. एक मार्ग म्हणजे इंग्लंडला १० टक्के, बाकीच्यांना २०. दुसरा मार्ग म्हणजे इंग्लंडला २०च, बाकीच्यांना ३०. दोन्हींत सवलत दहाचीच! कागदावर दोन्ही करार सारखेच दिसतात. पण पहिल्यात गिऱ्हाइकाला कापड स्वस्त मिळते, दुसऱ्यात ते महाग होते आणि परका विक्रेता बाहेर ढकलला जातो. देशी कारखानदाराला अर्थातच दुसरा मार्ग आवडतो. न्यूझीलंडने १९०३ च्या कायद्याने दुसराच मार्ग धरला, काही परदेशी मालावरची जकात चढवली. म्हणूनच अशा कराराची बातमी आली की सवलत किती हे विचारून भागत नाही. ती खाली उतरून दिली की वर चढून, हे आधी विचारायचे.

चेंबरलेन यांना हे कळत नव्हते असे नाही. १९०२ मध्ये वसाहतींचे पंतप्रधान लंडनला जमले तेव्हा त्यांनी कॅनडाच्या सवलतीबद्दल नाराजीच दाखवली होती. सूट देऊनही कॅनडाची भिंत इंग्रजी मालाला उंचच होती. पण वसाहतींचा उलट सवाल तयार होता. आम्ही तुम्हाला देतो, तुम्ही आम्हाला काय देता? आणि इथे आपला जकात नाका परत येतो. इंग्लंडचा नाका तर सगळ्यांनाच उघडा होता. कॅनडाचा गहू फुकट आत येत होता, तसा अमेरिकेचा, रशियाचा, अर्जेंटिनाचाही. माफ करायला काही नव्हतेच.

योगायोगाने बोअर युद्धाच्या खर्चासाठी १९०२ च्या अंदाजपत्रकात धान्यावर किरकोळ कर बसला होता. चेंबरलेन यांना वाटले, हा कर राहू द्यावा आणि फक्त वसाहतींना माफ करावा. भिंत बांधायची गरज नाही, आयतीच मिळाली! मंत्रिमंडळ आपल्या बाजूचे आहे असे समजून ते दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. परत आले तेव्हा अर्थमंत्री रिची यांनी तो कर रद्द करायचे ठरवलेले होते. चेंबरलेन यांना हे फार लागले. १५ मे १९०३ रोजी बर्मिंगहॅमच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी जाहीरपणे साम्राज्यातील सवलतींचा, इंग्रजीत म्हणायचे तर इंपीरियल प्रेफरन्सचा, झेंडा उभारला. सप्टेंबरमध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. वय ६७. आता खुर्ची नको, देशभर फिरून लोकांनाच पटवायचे, असे ठरले.

६ ऑक्टोबर १९०३ ला ग्लासगोत त्यांनी हिशेब मांडला. परदेशी धान्यावर दर क्वार्टरमागे दोन शिलिंग जकात (क्वार्टर हे जुने माप, गव्हाचे सुमारे २१८ किलो). परदेशी मांस आणि दूधदुभत्यावर ५ टक्के. परदेशी कारखान्यांच्या मालावर सरासरी १० टक्के. वसाहतींचे धान्य आणि मांस मोफत आत. गरिबाला झळ बसू नये म्हणून चहा आणि साखरेवरचा कर कमी. मका मात्र त्यांनी जकातीतून वगळला, कारण तो गरिबांच्या घरात आणि जनावरांच्या गव्हाणीत जायचा. हिशेब व्यापाऱ्याचा, चोख. पण बघा, वसाहतींना यात मिळाले काय? त्यांचा गहू आधीही फुकट येत होता, नंतरही फुकटच येणार होता. त्यांचा सगळा फायदा परक्याच्या डोक्यावर बसवलेल्या दोन शिलिंगांत होता. सवलतीतून तेवढे काढले तर खाली काहीच उरत नाही.

विरोधकांनी हे नेमके पकडले. त्यांनी दोन पाव दाखवणारी पोस्टरे गावोगाव लावली : खुल्या व्यापाराचा मोठा पाव आणि चेंबरलेनचा छोटा पाव. चेंबरलेन यांनीही बर्मिंगहॅमच्या सभेत दोन पाव भाजून आणले आणि हातात उंच धरून विचारले की, सांगा, यातला लहान कोणता? फरक ओळखू येत नव्हता. सभा खूष झाली. पण देश खूष झाला नाही. ॲस्क्विथ हे पुढे पंतप्रधान झालेले नेते त्यांच्या मागोमाग शहरोशहरी जाऊन आकड्यांची उलटतपासणी करत राहिले. तरुण विन्स्टन चर्चिल याच प्रश्नावर १९०४ मध्ये हुजूर पक्ष सोडून गेले. मला स्वतःला असे वाटते की चेंबरलेन हरले ते आकड्यांवर नव्हे. ज्या आईने लहानपणी महागाईच्या गोष्टी ऐकल्या होत्या, तिला दोन शिलिंगांचा हिशेब पटवता येत नसतो.

आपल्याकडे काय झाले? इंग्लंडातून विचारणा आली तेव्हा कर्झन यांच्या सरकारनेच १९०३ मध्ये थंड उत्तर दिले. हिंदुस्थानचा बराचसा माल साम्राज्याबाहेर जातो, तेव्हा परक्यांवर जकात चढवली आणि ते उलटले तर आपला तोटाच जास्त, असा त्याचा मथितार्थ होता. जर्मनी आणि कॅनडाचे भांडण डोळ्यांसमोर चाललेच होते.

जानेवारी १९०६ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाने चारशेच्या आसपास जागा जिंकल्या. चेंबरलेन यांच्या बाजूला १५७ उरल्या. बर्मिंगहॅमच्या सातही जागा मात्र त्यांच्याच राहिल्या. शहराने आपला महापौर सोडला नाही. जुलैमध्ये सत्तरावा वाढदिवस त्या शहराने मिरवणुका काढून साजरा केला आणि थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे अडखळू लागले. ज्या माणसाचे सगळे बळ जिभेत, त्याची आठ वर्षे अशी गेली. तिसरी पत्नी मेरी, एका अमेरिकन मंत्र्याची मुलगी, त्यांचे बोलणे समजून इतरांना सांगायची. २ जुलै १९१४ ला ते वारले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाचा मान घरच्यांनी नाकारला. बर्मिंगहॅमच्या की हिल दफनभूमीत त्यांना ठेवले. महिनाभरात महायुद्ध पेटले.

चरित्र इथे संपायला हवे, पण विषय संपत नाही. १९१९ मध्ये थोरला मुलगा ऑस्टिन अर्थमंत्री होता. जे थोडे आयात कर तेव्हा होते त्यांत त्याने साम्राज्याच्या मालाला पहिली सूट दिली. मग जगभर मंदी आली, आणि ४ फेब्रुवारी १९३२ ला धाकटा, नेव्हिल, अर्थमंत्री म्हणून उभा राहिला. त्याने बहुतेक आयातीवर १० टक्के जकात मांडली आणि वडिलांचे नाव घेतले. ऑस्टिन जागेवरून उठून आला आणि त्याने भावाशी हस्तांदोलन केले. शंभर वर्षांच्या आतबाहेर चाललेला खुला व्यापार असा मिटला. त्याच उन्हाळ्यात कॅनडातल्या ओटावा शहरी साम्राज्याची परिषद भरली. परदेशी गव्हावर किती जकात ठरली असेल? क्वार्टरमागे दोन शिलिंग. बापाचाच आकडा!

इंग्लंडला आशा होती की, वसाहती आपल्या भिंती खाली आणतील. झाले वेगळेच. घासाघीस कडू झाली, आणि पुष्कळ ठिकाणी सवलत मिळाली ती परदेशी मालावरची जकात चढवून. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, इंग्लंडने कित्येक वस्तूंबाबत लिहून दिले : परक्यांवरची जकात वसाहतींच्या संमतीशिवाय कमी करणार नाही. एकदा सवलत दिली की भिंतीची मालकीही वाटली जाते. उद्या अर्जेंटिना किंवा डेन्मार्कशी सलोखा करावासा वाटला तरी आधी कॅनडा-ऑस्ट्रेलियाला विचारा. याच ओटावा करारांवरून स्नोडेन, सॅम्युएल यांच्यासारखे मंत्री सरकारातून बाहेर पडले. अर्जेंटिनाने १९३३ मध्ये लंडनला धाव घेऊन आपल्या मांसाची जागा राखणारा करार केला आणि मोबदल्यात इंग्रजी मालाला सवलती दिल्या.

आणि आता वऱ्हाड. हिंदुस्थानात १९३० मध्ये कापडावर दोन दर आले : इंग्लंडच्या कापडावर १५ टक्के, इतरांच्या कापडावर २०. मुंबईच्या गिरण्यांना संरक्षण हवेच होते, पण त्यात इंग्लंडचा वेगळा पाट का, म्हणून मदनमोहन मालवीय यांनी केंद्रीय विधिमंडळ सोडले. पुढे इंग्लंडच्या कापडाचा दर २५ वर थांबला. परदेशी कापडाचा १९३२ मध्ये ५० आणि १९३३ मध्ये ७५ झाला. जपानी येन घसरल्याने जपानी कापड फार स्वस्त पडत होते, हे सरकारचे कारण खोटे नव्हते. पण भिंत चढली ती फक्त एका बाजूने. जपानने मग हिंदी कापूस घेणेच बंद केले. आखूड धाग्याचा आपला कापूस घेणारे मोठे गिऱ्हाईक म्हणजे जपानच. वऱ्हाड-खानदेशच्या ज्या कापसाला बाजारात उमरावतीवरून उमरा म्हणायचे, तोही त्यातलाच. सवलत लँकेशायरला, संरक्षण मुंबईच्या गिरणीला आणि गासड्या पडून राहणार शेतकऱ्याच्या. जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली. जकात ५० टक्क्यांवर आली आणि जपानने किती कापूस घेतला यावर त्याचे किती कापड येऊ द्यायचे ते ठरले : दहा लाख गासड्यांमागे साडेबत्तीस कोटी वार, जास्तीत जास्त चाळीस कोटी.

युद्धानंतर १९४७ मध्ये गॅट करार झाला तेव्हा अमेरिकेचा डोळा या साम्राज्य-सवलतींवरच होता. त्या एकदम मोडल्या नाहीत, पण फरक आणखी वाढवायचा नाही असे ठरले. आणि नव्या जकात संघांसाठी अट आली की, बाहेरच्यांवरची जकात एकूणात पूर्वीपेक्षा चढलेली नसावी. न्यूझीलंडने १९०३ मध्ये धरलेला मार्ग कागदावर तरी बंद झाला.

१ जानेवारी १९७३ ला इंग्लंड युरोपच्या सामायिक बाजारात गेले. त्या बाजाराला स्वतःची बाहेरची भिंत होती. साम्राज्यातल्या उरल्यासुरल्या सवलती पुढच्या काही वर्षांत संपल्या. ज्यांच्यासाठी चेंबरलेन यांनी खुर्ची सोडली, ते न्यूझीलंडचे शेतकरी आता भिंतीबाहेर होते आणि आपल्या लोण्याला इंग्लंडात थोडी जागा राहावी म्हणून ब्रसेल्सशी वाटाघाटी करत होते.